पोट गोल, पाठ टोकदार: साडेतीन आठवड्यांच्या चिंगीचं वरचं खाणं

आईविना राहिलेल्या एका गावठी पिल्लाची ही पूर्ण केस आहे. काकूंना विचारूनच लिहितेय, त्या म्हणाल्या लिही, कुणाच्या तरी कामाला येईल. मी नाशिकमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काम करणाऱ्या लोकांना मदत करते, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे डोस यात मुद्दाम दिलेले नाहीत, ते पिल्लाचं वजन करून डॉक्टरांनीच ठरवायचे असतात. पण खाण्याचं सगळं सविस्तर लिहिते, कारण या वयातली पिल्लं औषध न मिळाल्यामुळे जेवढी जातात तेवढीच चुकीच्या दुधाने आणि चुकीच्या घाईने जातात असं माझं ठाम मत झालंय.

डिसेंबरच्या सुरुवातीला सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर, बांधकामाच्या सिमेंट पाइपमध्ये एक कुत्री व्यायली. चार पिल्लं. महिना संपता संपता कुत्री रात्री गाडीखाली गेली. एक पिल्लू सकाळी मेलेलंच सापडलं, दोन कुणीतरी उचलून नेली आणि उरलेली ही चिंगी तळमजल्यावरच्या काकूंकडे आली. काकू म्हणजे निवृत्त शिक्षिका, घरात त्या आणि तिसरीतला नातू, घर पक्कं शाकाहारी (हे पुढे महत्त्वाचं आहे). त्यांनी जीव लावून केलं, रात्री उठून पाजलं, आणि चारपाच दिवसांनी मला फोन केला, "अगं, हिचं पोट बघायला ये जरा, टम्म फुगलंय नुसतं, मी जास्त पाजतेय का गं? आणि जुलाब पण होतायत, म्हणून कालपासून एक वेळचं दूध बंदच केलंय."

सगळी केस या एका वाक्यात आहे. पोट मोठं दिसतंय म्हणजे खाणं जास्त होतंय, जास्त होतंय म्हणून जुलाब होतायत, म्हणून खाणं कमी करा. ऐकायला एकदम बरोबर वाटतं आणि हजारो घरांत असंच केलं जातं, पण चिंगीच्या बाबतीत यातली पहिली पायरीच चुकीची होती त्यामुळे पुढची सगळी उलटी पडत होती.

मी गेले तेव्हा ती बाल्कनीत खोक्यात होती, खाली जुनी साडी. पोट खरंच गोल, ताणलेलं. पण पाठीवरून बोट फिरवलं तर मणक्याचा एकेक मणका हाताला लागत होता, कमरेची हाडं वर आलेली, मांडीला मांस नाही. शी पिवळट, पाण्यासारखी, आंबट वासाची. हिरड्या गुलाबी असायला हव्यात त्या जवळजवळ पांढऱ्या. पंजे गार. आवाज बारीक आणि सतत, भुकेल्या पिल्लाचा असतो तसा. जबडा उघडून पाहिलं तर वरच्या सुळ्यांची टोकं नुकती हिरडीतून बाहेर येत होती, पुढचे पटाशीचे दात अजून नव्हते, डोळे उघडलेले पण निळसर झाक होती. यावरून वय साधारण साडेतीन आठवडे धरलं आणि व्यायल्याच्या दिवसाशी ते जुळतही होतं. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पातेलं ठेवून वजन केलं, ७४० ग्रॅम. मोठी झाल्यावर पंधरा-एक किलोची होईल अशा गावठी कुत्रीचं पिल्लू या वयात किलोच्या आसपास तरी असायला हवं. म्हणजे पिल्लू गोलमटोल नव्हतंच, उपाशी होतं आणि पोटात जंत आणि गॅस होता.

हे वेगळं लिहितेय कारण फोटो बघून कुणालाही ती मस्त खाऊन-पिऊन सुखी वाटली असती. पिल्लाच्या पोटाकडे बघून काही ठरवू नका. पाठीचा कणा, कमरेची हाडं, हिरड्या आणि काटा, या चार गोष्टी बघा.

तिथे गेल्यावर लगेच दूध पाजलं नाही. काकू म्हणाल्या अगं भुकेने मरेल ती, पण आधी थर्मामीटर लावला तर ९६ फॅरनहाइट, या वयात ९९ च्या वर तरी पाहिजे. नाशिकची डिसेंबरची रात्र, त्यात बाल्कनी, त्यात अंगाला बिलगायला आई नाही की भावंडं नाहीत. पहिले तीनचार आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग नीट गरम ठेवता येत नाही, आणि अंग गार पडलं की आतडी पण थंडावतात, दूध पोटात तसंच पडून राहतं, आंबतं, फुगतं, उलटून श्वासनलिकेत जायची भीती वाढते. म्हणून क्रम कायम हाच, आधी ऊब, मग साखर, मग दूध. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली (एकाच बाजूला, म्हणजे जास्त झालं तर तिला सरकून दुसरीकडे जाता आलं पाहिजे), खोकं बाल्कनीतून आतल्या खोलीत आणलं, आणि तोवर ग्लुकोज पावडर कोमट पाण्यात कालवून बोटाने थोडी थोडी हिरड्यांना चोळली. लहान पिल्लाच्या शरीरात साठा नसतोच म्हणा ना, काही तास उपास पडला की रक्तातली साखर खाली येते, मग ते थरथरतं, झोकांड्या जातं, जास्त झालं तर फिट येते. तासाभरात पंजे उबदार झाले, तिने स्वतःहून बोट चाटायला सुरुवात केली, थर्मामीटर ९९ च्या वर गेला आणि मगच पाजायला घेतलं.

आता दुधाचा हिशोब. हा जरा नीट वाचा कारण आपल्याकडे दहातल्या नऊ घरांत असंच दूध दिलं जातं. काकू पिशवीतलं गाईचं दूध घेऊन त्यात तेवढंच पाणी घालत होत्या, "घट्ट दूध पचत नाही ना गं त्यांना", आणि ड्रॉपरने एका वेळी साधारण ३० मिली, दिवसातून चार वेळा. शिवाय दोन ग्लुकोज बिस्किटं भिजवून. म्हणजे दिवसाला १२० मिली पातळ दूध, त्यातलं खरं दूध ६०, त्याच्या कॅलरी चाळीसच्या आसपास. बिस्किटांच्या पंचेचाळीस धरा. एकूण ८५. आणि चौथ्या आठवड्यातल्या पिल्लाला १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण २० ते २२ कॅलरी लागतात, म्हणजे चिंगीला १६० च्या आसपास. निम्म्यावर चालली होती ती, त्यातही एक वेळ बंद केल्यावर आणखी कमी.

मग पाणी न घालता गाईचंच दूध भरपूर द्यायचं का, तर तेही जमत नाही. कुत्रीच्या दुधात फॅट साधारण ९ टक्के, प्रोटीन ७-८ टक्के आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, साडेतीनच्या आसपास. गाईच्या दुधात फॅट ४, प्रोटीन ३.३, लॅक्टोज ४.८. म्हणजे कामाच्या दोन्ही गोष्टी निम्म्याहून कमी आणि त्रास देणारी गोष्ट जास्त. १६० कॅलरी आईच्या दुधातून घ्यायच्या तर सव्वाशे-एकशे तीस मिली पुरतं, त्यात लॅक्टोज साडेचार ग्रॅम जातं. तेवढ्याच कॅलरी गाईच्या दुधातून घ्यायच्या तर पाव लिटर लागेल आणि लॅक्टोज जाईल १२ ग्रॅम. तेवढं पचत नाही, न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, पाणी ओढून घेते, आणि मग तीच ती पिवळी आंबट शी. म्हणून गाईचं दूध दिलं तर जुलाब, पाणी घालून दिलं तर उपासमार, आणि अर्धवट पाणी घालून दिलं तर थोडं थोडं दोन्ही, जे चिंगीचं झालं होतं. म्हशीच्या दुधात फॅट ६-७ टक्के असतं म्हणून ते जरा बरं वाटतं पण प्रोटीन त्यातही चारच्या आसपास आणि लॅक्टोज गाईएवढंच, त्यामुळे तोही मार्ग नाही.

खरं उत्तर म्हणजे पिल्लांसाठीची मिल्क रिप्लेसर पावडर, पण रात्री साडेनऊला दुकान उघडं नव्हतं. एका रात्रीपुरता उपाय म्हणून पाणी न घातलेल्या फुल क्रीम दुधात अंड्याचा पिवळा बलक मिसळून देतात, बलकाने फॅट आणि प्रोटीन वाढतं आणि लॅक्टोज वाढत नाही. हा उपाय फक्त पावडर मिळेपर्यंतचा, आठवडाभर चालवायचा नाही. इथे काकूंचा चेहरा पडला, घरात अंडं कधीच आलेलं नाही. त्यांना अडचणीत टाकायची माझी अजिबात इच्छा नव्हती. शेवटी वॉचमन मामा म्हणाले माझ्या केबिनमध्ये स्टोव्ह आहे, मी देतो उकडून, आणि त्यांनी अंडं कडक उकडलं, बलक कोमट दुधात कुस्करून गाळून आणला, त्याची वाटी-चमचा वेगळा ठेवला, तो पुढे महिनाभर बाल्कनीच्या कोपऱ्यातच राहिला. कच्च्या अंड्यापेक्षा उकडलेलंच बरं, इतक्या अशक्त पिल्लाला सॅल्मोनेला या जंतूची जोखीम कशाला.

पाजायची पद्धतही बदलली. नातू तिला तान्ह्या बाळासारखं पाठीवर झोपवून ड्रॉपरने पाजत होता आणि मधे मधे नाकातून दूध यायचं. पिल्लू पोटावर, चारही पाय खाली, मान किंचित वर, जसं ते आईला लुचताना असतं तसंच ठेवायचं. पाठीवर झोपवलं की दूध फुप्फुसात जायची शक्यता फार वाढते आणि तो न्यूमोनिया जुलाबापेक्षा लवकर जीव घेतो. नाकातून दूध आलं की थांबायचं, डोकं खाली करून पुसायचं, पिल्लाने श्वास नीट घेतल्याशिवाय पुढचा थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे. फुप्फुसं साफ होती, तो मोठाच दिलासा. शी तपासली तर गोल जंतांची आणि हुकवर्मची, दोन्हींची अंडी. गोल जंत बहुतेक वेळा पिल्लू पोटात असतानाच आईकडून येतात, हुकवर्म आईच्या दुधातून, म्हणजे पिल्लाने जमिनीवर तोंड न लावताही जंत असू शकतात, आणि म्हणूनच जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करून साधारण दर दोन आठवड्यांनी द्यायला सांगतात. हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो, हिरड्या पांढऱ्या का होत्या ते कळलं. डॉक्टरांनी मात्र त्याच दिवशी औषध दिलं नाही. म्हणाले आधी दोन दिवस पोटात नीट दूध जाऊ दे, अंगात पाणी येऊ दे, मग जंताचं औषध, पायरँटेल, देऊ, इतक्या अशक्त जिवात एकदम सगळे जंत मारणंही झेपत नाही. मला हा निर्णय फार पटला. कितीतरी जण पोट फुगलेलं दिसलं की मेडिकलमधून माणसांचं जंताचं औषध आणून अंदाजाने पाजतात, ७४० ग्रॅमच्या पिल्लाला अंदाजाने काहीही द्यायचं नसतं.

औषधानंतर दुसऱ्या दिवशी शीतून लांब पांढरे जंत पडले, नातू घाबरला. त्याला एवढंच समजावलं की हे बाहेर आले हे चांगलं झालं, पण हात साबणाने धुतल्याशिवाय खायचं नाही आणि शी तू उचलायची नाही. ही गोष्ट लहान मुलं असलेल्या घरात हलक्यात घेऊ नका. कुत्र्याच्या गोल जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात फिरतात, डोळ्यापर्यंत जाऊ शकतात. ताज्या शीतली अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना पिकायला काही आठवडे लागतात, म्हणून रोजची शी रोज उचलली तर धोका बराचसा तिथेच संपतो.

पावडर मिळाल्यावर डब्यावर लिहिल्याप्रमाणे कोमट पाण्यात कालवायची, घट्टही नाही पातळही नाही. तयार दुधात मिलीला साधारण एक कॅलरी पडत होती, म्हणजे दिवसाला १६० मिली, पाच वेळा, एका वेळी ३२. पहिल्या दिवशी मात्र पूर्ण कोटा दिला नाही, दोन तृतीयांश दिला आणि मग वाढवत नेला, कारण उपाशी आतड्यावर एकदम पूर्ण भार टाकला की परत जुलाब. वजन रोज सकाळी, पहिल्या दुधाच्या आधी, त्याच पातेल्यात. काकूंनी कॅलेंडरवरच लिहायला सुरुवात केली, दूधवाल्याच्या खुणांच्या बाजूला चिंगीचे ग्रॅम. पहिल्या दिवसानंतर ७३५ होतं, कमीच झालं, काकू रडवेल्या झाल्या. मग ७५५, ७८०, जंताच्या औषधाच्या दिवशी तेवढंच राहिलं, आणि मग रोज तीस-चाळीस ग्रॅमने चढायला लागलं. असं करत ९६० झालं. मोठेपणी जेवढे किलो होणार त्या प्रत्येक किलोमागे रोज २ ते ४ ग्रॅम वाढ चांगली धरतात, पंधरा किलोच्या हिशोबाने ३० ते ६०, म्हणजे ती आता रुळावर होती. आणि गंमत बघा, वजन वाढलं तसं पोट लहान झालं.

आता वरच्या खाण्याचा भाग. वय साडेचार आठवडे, खालचे-वरचे सुळे आलेले, पटाशीचे दात टोकं काढतायत, बाटलीचं निपल चावायला लागली होती, हीच खूण असते. काकू म्हणाल्या चला, आता उष्टावण करू हिचं. वयाचा तक्ता बघून तीन आठवडे झाले की खाणं सुरू, असं करणारे खूप आहेत, पण मला विचाराल तर अशक्त पिल्लाच्या बाबतीत तीन अटी बघा, वजन सलग काही दिवस वाढतंय का, शी घट्ट होतेय का, आणि ते स्वतः चावतंय-चाटतंय का. चिंगीला आठवडाभर आधीच खाणं सुरू केलं असतं तर त्या जुलाबातून ती वर आली नसती असं मला मनापासून वाटतं.

काय दिलं, तर पिल्लांसाठीचं स्टार्टर फूड. एक भाग दाणे, तीन भाग कोमट पाणी, अर्धा तास भिजवून मिक्सरमधून एकदम गुळगुळीत, वरून थोडं तिचंच तयार दूध, म्हणजे वास ओळखीचा. बाळांचं गव्हाचं सिरियल, रव्याची खीर, पोळी-दूध, वरण-भात यातलं काही नाही. का, तर एवढ्या लहान पिल्लात स्टार्च पचवणारं एन्झाइम अजून कमी असतं, मोठं कुत्रं भात-पोळी छान पचवतं म्हणून पिल्लू पचवेल असं नाही, आणि त्यात प्रोटीन आणि कॅल्शियम इतकं कमी असतं की पोट भरतं पण अंग भरत नाही. बंद पाकिटातलं स्टार्टर काकूंच्या घरातही चाललं, त्यांचं म्हणणं ते बाल्कनीत राहू दे, मिक्सरचं छोटं भांडं वेगळं काढते.

ताटली उथळ पाहिजे, आम्ही स्टीलच्या डब्याचं झाकण वापरलं. पहिल्या दिवशी तिने त्यात चारही पाय घातले आणि खाल्लं फार तर दोन चमचे. चालतं. तोंड धरून लापशीत बुडवायचं नाही, नाकात जाते आणि पिल्लू त्या ताटलीला कायमचं घाबरतं. बोटावर घेऊन ओठाला लावायचं, ते चाटलं की बोट हळूहळू ताटलीकडे न्यायचं, एवढंच शिकवणं. खाऊन झालं की छाती-पाय कोमट ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं, थंडीत ओलं पिल्लू लगेच गार पडतं.

सुरुवातीला दिवसातून एकदाच लापशी, दुपारची, तीही भूक लागलेली असताना आधी लापशी आणि मग उरलेली भूक बाटलीने. रात्री नवीन काही नाही, कारण रात्री पोट बिघडलं तर डॉक्टर मिळत नाही. दोनतीन दिवस शी ठीक राहिली की दुसऱ्या वेळेचं दूध लापशीने बदलायचं, मग तिसऱ्या. पाणी कमी कमी करत एकास दोन, मग एकास एक, मग नुसते भिजवलेले मऊ दाणे. आणि लापशी सुरू झाली त्याच दिवसापासून प्यायच्या पाण्याची उथळ वाटी बाजूला, हे बहुतेक जण विसरतात, दूध कमी होतं तसं पिल्लाचं पाणीही कमी होत असतं. साडेपाच आठवड्यांना ती १.२९ किलो, तीन वेळा लापशी, दोन वेळा दूध.

मग एका रविवारी पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका दादांनी, अतिशय प्रेमाने, बाहेरून आणलेल्या डब्यातल्या मटणाच्या रश्शात पोळी कुस्करून तिला खाली पार्किंगमध्ये घातली, "काय तुम्ही हिला पाणचट खायला घालता, गावठी कुत्रं आहे, दणकट होऊ द्या." तिने अधाशासारखं खाल्लं. रात्रीपासून जुलाब, सकाळी काट्यावर ४० ग्रॅम कमी. तेल-तिखट तर आहेच, पण माझी खरी काळजी कांदा-लसणाची होती, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात आणि चिंगीच्या अंगात हुकवर्ममुळे आधीच रक्त कमी होतं. डॉक्टरांना लगेच दाखवलं, हिरड्या आणि लघवीचा रंग पुढचे काही दिवस बघायला सांगितलं, लाल-तपकिरी लघवी दिसली तर धावत या म्हणाले, सुदैवाने तसं झालं नाही.

इथे एक फार महत्त्वाचा फरक आहे. मोठ्या कुत्र्याचं पोट बिघडलं तर एक दिवस उपास घडवतात. एवढ्या लहान पिल्लाला उपास घडवायचा नाही, साखर खाली जाते. आम्ही मागे आलो, पण बंद केलं नाही. शेवटची जी पायरी तिला नीट पचत होती तिथे, म्हणजे एकास तीनची पातळ लापशी आणि पूर्वीएवढं दूध, थोडं थोडं जास्त वेळा, मधे डॉक्टरांनी सांगितलेलं ओआरएस. तीन दिवसांत शी घट्ट झाली आणि मग परत एकेक पायरी पुढे. संक्रांतीच्या आसपासची गोष्ट ही, त्यामुळे काकूंनी दाराला कागदच लावला, चिंगीला तिळगूळसुद्धा देऊ नये. आणि मुलांनी तो पाळला.

कॅल्शियमबद्दल काकूंनी विचारलं, हे सगळेच विचारतात. "विकतचं किती दिवस आणायचं गं, वॉचमन मामा चिकन-भात शिजवून देतो म्हणतोय." शिजवलेलं चिकन आणि भात प्रोटीनला चांगलं, पण नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. वाढत्या हाडाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा निदान थोडं जास्त लागतं. ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडातून काढतं, पाय वाकतात, उडी मारली तरी फ्रॅक्चर होतं, आणि लोक म्हणतात गावठी पिल्लू होतं, जन्मतःच तसं असेल. उलट स्टार्टर किंवा पपी फूडवर असलेल्या पिल्लाला वरून कॅल्शियमचं सिरप घालणंही चुकीचं, त्यात ते मोजून घातलेलं असतं आणि जास्तीचं कॅल्शियमही हाडं बिघडवतं. म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलं, मुख्य खाणं पपी फूडच, आणि मामांचं चिकन-भात एका वेळेला, थोडंसं, बिनमिठाचं, बिनहाडाचं, त्यालाही सात आठवड्यांनंतरच सुरुवात. शिजवलेली हाडं तर कधीच नाहीत, ती टोकदार तुटतात.

एक गोष्ट मधेच सांगते कारण ती मनातून जात नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या पिल्लांचा बरीच वर्षं अभ्यास केला, २०१६ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या कामात ९५ वेतांतली ३६४ पिल्लं होती आणि त्यातली वयात येईपर्यंत जगली फक्त १९ टक्के. त्याच गटाने हेही पाहिलंय की रस्त्यावरची पिल्लं संधी मिळाली तर दुसऱ्या व्यायलेल्या कुत्रीचं दूध चोरून पितात, इतकी त्यांना त्या दुधाची गरज असते. चिंगीच्या गल्लीत त्या वेळी दुसरी ओली कुत्री नव्हती. असती तर मी पावडरच्या आधी तिच्याकडे आशेने पाहिलं असतं, काही कुत्र्या परकं पिल्लू घेतात, अर्थात लक्ष ठेवूनच. तुमच्याकडे असा प्रसंग आला तर आधी आजूबाजूला नीट बघा, आई खरंच गेलीय की फक्त खायला गेलीय. आई दोनचार तास पिल्लं सोडून जाते, आणि चांगल्या मनाची माणसं तेवढ्यात पिल्लं उचलून नेतात, मग ही सगळी लढाई विनाकारण सुरू होते.

साडेसहा आठवड्यांना चिंगी १.७ किलो झाली, बाटली पूर्ण सुटली. सोडवावी लागली नाही, एक दिवस तिनेच तोंड फिरवलं आणि ताटलीकडे गेली. त्याच सुमारास पहिली लस. आईच्या पहिल्या चिकातून मिळालेली रोगाशी लढायची ताकद या वयात उतरत असते आणि पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा आजार, नेमका तेव्हाच गाठतो, त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत तिला बाहेरच्या जमिनीवर सोडायचं नाही असं ठरलं आणि घरात येणाऱ्यांची चप्पल दाराबाहेर. काकूंच्या घरात तो नियम आधीपासूनच होता.

आठ आठवड्यांना वजन २.५ किलो, हिरड्या गुलाबी, शी घट्ट, जंताचं औषध वेळापत्रकाप्रमाणे चालू, पुढे सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्यातून एकदा. सध्या दिवसातून चार वेळा खाते, तीन वेळा भिजवलेलं पपी फूड आणि दुपारी मामांच्या केबिनमधलं चिकन-भात. दाणे पूर्ण कोरडे द्यायला अजून घाई केलेली नाही, अर्धे भिजवलेले आवडतात तिला. चार महिन्यांची झाली की तीन वेळा करायचं, रेबीजची लस तीन महिन्यांना. वजन आता रोज नाही, रविवारी एकदा. पातेल्यात मावत नाही म्हणून नातू तिला उचलून मोठ्या काट्यावर उभा राहतो आणि मग स्वतःचं वजन वजा करून काकूंना सांगतो.